कॉलेजची बदली : रोप उपटण्याआधी वाफा बघा



पावसाळा सुरू झाला की आमच्या टेबलापुढे दोन तऱ्हेची माणसं उभी राहतात. एक बियाण्या-खताची चौकशी करणारी आणि दुसरी पोरा-पोरींच्या कॉलेजची. दुसरी गर्दी अलीकडे वाढली आहे. कृषी पदवीची प्रवेश प्रक्रिया राज्यभर एकच. गुण थोडे इकडेतिकडे झाले की कोल्हापूरचा पोरगा अकोल्याकडे जातो आणि जालन्याची पोरगी कोल्हापुरात येते. पहिलं वर्ष कसंबसं सरतं आणि मग घरात विषय निघतो. बदली करून घ्यायची काय? घ्यायची तर कुठं?

२०२४ च्या पावसाळ्यात आजरा तालुक्यातले एक मामा असेच आले. घरची साडेतीन एकर जमीन. एकरभर भात, बाकी वरकस रानात काजू. मुलगी मराठवाड्यातल्या एका खासगी कृषी महाविद्यालयात पहिलं वर्ष उरकून आलेली. तीही सोबत होती.

"साहेब, पोरगी लई लांब पडलीया. जायला एक दिस, यायला एक दिस. हिला कोल्हापुरातच आणायचं बघा की."

मी मुलीला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे, बाळ?"

ती जरा थांबून म्हणाली, "सर, बदली घ्यायचीच असली तर मला दापोलीला जायचंय. आमचं निम्म्याहून जास्त रान काजूचं हाय."

मामा बघतच राहिले. "दापोली? त्ये तरी कुठं उशाला हाय?"

बाप अंतर मोजत होता आणि पोरगी पीक मोजत होती. दोघांचंही चुकत नव्हतं. पण बदलीचा अर्ज भरण्याआधी या दोन मापांतलं कुठलं माप आपलं, ते घरात बसून ठरवलं पाहिजे. पोरगं तिथं आजारी पडत असेल, मनानं खंगत असेल, घरात कुणी अंथरुणावर असेल, तर अंतर हेच पहिलं कारण. त्यात कमीपणा नाही. पण पोरगं धडधाकट आहे, अभ्यास बरा आहे आणि फक्त 'जवळ असावं' म्हणून बदली हवी असेल, तर पुढचं वाचून मग ठरवा.

चार विद्यापीठे कशासाठी?

राज्यातले पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. तेच आजचे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. १९६९ मध्ये अकोल्याचे आणि १९७२ मध्ये परभणीचे व दापोलीचे विद्यापीठ झाले. एका राज्याला चार विद्यापीठे लागतात, कारण माती एक नाही, पाऊस एक नाही. आपला कोल्हापूर जिल्हा राहुरीच्या कार्यक्षेत्रात येतो. कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय १९६३ चे, आणि आज ते राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने ओळखले जाते.

पुस्तकातले विषय चारही ठिकाणी जवळपास सारखेच. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समितीने सुचवलेल्या आराखड्यावर हा अभ्यासक्रम बेतलेला असतो. फरक पडतो तो पुस्तकाबाहेर. पोरगं सकाळी प्रक्षेत्रावर जाऊन काय बघतं, कुठल्या पिकावरची कीड हातात घेतं, कुणाच्या बांधावर बसून बोलतं, त्यावर त्याचं शिक्षण ठरतं.

कोल्हापुरात ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, राधानगरीला भाताचे काम चालते. सोयाबीनचा 'फुले संगम' हा वाण शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजचा. राहुरीच्याच कार्यक्षेत्रात सोलापूरकडची कोरडवाहू ज्वारीही येते. अकोल्याकडे कापूस, तूर आणि संत्रा. परभणीकडे ज्वारी, सोयाबीन, तूर. 'परभणी क्रांती' भेंडी तर आपल्या माळव्यावाल्यांना नवी नाही. दापोलीकडे भात, आंबा, काजू, नारळ, सुपारी. 'रत्ना' आणि 'सिंधू' हे आंबे तिथले. आजरा-चंदगडकडच्या बागांतून लावतात ते 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' हे काजू त्याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे.

म्हणजे पोरीचं म्हणणं हवेतलं नव्हतं. कागदावर आजरा राहुरीच्या कार्यक्षेत्रात असला, तरी तिच्या रानाचा पाऊस आणि पीक कोकणाशी जुळतं. काजूवरचा ढेकण्या तिला जेवढा तिकडं बघायला मिळेल, तेवढा उसाच्या पट्ट्यात मिळणार नाही.

उलट बाजूही बघा. आपल्यासारखंच पीक असलेल्या भागातच जावं असा काही नियम नाही. शिरोळकडे पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या. अशा घरातला पोरगा चार वर्षं कोरडवाहू भागात राहिला, एका पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला गाव त्याने बघितला, तर पाटाचं पाणी सोडताना त्याचा हात आपोआप आवरेल. लांबचं कॉलेज म्हणजे वनवास, असं धरून चालू नका.

नावात फसू नका

आजऱ्याहून आंबोली घाट उतरलं की सिंधुदुर्गात मुळदे येथे दापोली विद्यापीठाचेच उद्यानविद्या महाविद्यालय आहे. मामांच्या कानावर कुणीतरी हे नाव घातलं होतं. "मग तिथंच घालूया की!" पण उद्यानविद्या ही वेगळी पदवी आणि कृषी ही वेगळी पदवी. वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान यांचंही तसंच. एका पदवीतून दुसऱ्या पदवीत जाणं ही बदली नव्हे, तो नवा प्रवेश. बदली म्हणजे तीच पदवी, फक्त कॉलेज दुसरं. अर्ज करण्याआधी पदवीचं पूर्ण नाव दोन्हीकडचं ताडून बघा.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना धारवाडचंही नाव सुचतं. गडहिंग्लज-चंदगडला धारवाड दापोलीपेक्षा जवळ. विद्यापीठही चांगलं. पण राज्य बदललं की प्रवेशाचे नियम बदलतात आणि महाराष्ट्राच्या शुल्क सवलती सहसा सोबत येत नाहीत. मधेच उठून राज्य बदलण्यापेक्षा, जायचंच असेल तर बारावीनंतर राष्ट्रीय पातळीची प्रवेश परीक्षा देऊन जावं.

वेळ चुकली की रोप बसतं

भाताची लावण एकवीस ते पंचवीस दिवसांच्या रोपाची करावी, हे तुम्हाला मी काय सांगायचं! जून झालेलं तरू लावलं तर फुटवे धरत नाही. कॉलेजचंही तसंच. बदली मागायची तर पहिलं वर्ष संपून दुसरं सुरू होताना. पुढे विषयांची गुंतागुंत वाढते, आणि शेवटच्या वर्षी तर पोरं कृषिदूत-कृषिकन्या म्हणून गावोगाव फिरत असतात. तेव्हा बदली मागून हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट. बदली हा हक्क नाही. समोरच्या कॉलेजात जागा रिकामी असेल तरच ती होते, आणि एका जागेला चार अर्ज असतील तर गुण बघितले जातात. विषय राहिलेला असेल तर अर्जच अडतो. म्हणून 'बदलीच होणार आहे' म्हणत पहिल्या वर्षाचा अभ्यास सोडणाऱ्या पोरांना वेळीच जागं करा.

२०२१ पासून श्रेयांक बँक नावाची सोय झाली आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, तिच्यात त्याच्या नावावर जमा राहतात. ही चांगली सोय आहे. पण पैसे बँकेत आहेत म्हणून एसटीत बसायला जागा मिळते असं नाही. क्रेडिट जमा आहे म्हणजे जागा मिळाली, असा अर्थ काढू नका.

अर्जाआधी विचारायचे सात प्रश्न

१. त्या कॉलेजात त्या वर्षाला, आपल्या प्रवर्गात, किती जागा रिकाम्या आहेत?
२. अर्जाची शेवटची तारीख कोणती, आणि अर्ज कुणाकडे द्यायचा?
३. दोन्ही प्राचार्यांचे ना हरकत पत्र लागते काय?
४. झालेले सगळे विषय तिथे धरले जातील, की एखादा पुन्हा द्यावा लागेल?
५. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र किती दिवसांत मिळते?
६. जुन्या कॉलेजात भरलेल्या फीचे काय होते, आणि नव्या ठिकाणी किती भरायची?
७. वसतिगृहात जागा आहे काय?

उत्तरं तोंडी घेऊ नका. कॉलेजच्या कार्यालयातून लेखी घ्या, नाहीतर विद्यापीठाच्या परिपत्रकाची प्रत मागून घ्या. "अमक्याच्या पोराचं झालं" यावर जाऊ नका. अमक्याच्या पोराचं झालं त्या वर्षाचा नियम वेगळा असू शकतो.

पैशाचा हिशेब

शासनाच्या दोन योजना इथं कामी येतात. एक राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. दुसरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, जी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळू लागली. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. बदलीनंतर ही सवलत तशीच चालू राहते काय, हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्या. ऑनलाइन अर्जात कॉलेजचं नाव बदलायचं राहिलं, तर पैसे वर्षभर अडकून पडतात.

या योजनांना ज्यांची नावं दिली, ते दोघेही शिकायला घरापासून लांब गेलेले. पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. ते पुण्याच्या फर्ग्युसनला आले आणि तिथून विलायतेला गेले. शाहू महाराज १८८५ मध्ये राजकोटला आणि १८९० पासून धारवाडला शिकले. १८९४ मध्ये गादीवर आले आणि १९०१ मध्ये कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केलं. पुढे जातीजातींसाठी वसतिगृहं निघाली आणि गावोगावची पोरं कोल्हापुरात राहून शिकली. परगावच्या पोराला आधी डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी लागते, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. म्हणून वसतिगृहाचा प्रश्न शेवटी लिहिला असला तरी विचारताना तो पहिला विचारा.

तलाठी आणि ग्रामसेवक बंधूंनाही एक विनंती. उत्पन्नाचा, रहिवासाचा, अल्पभूधारकाचा दाखला तुमच्या दृष्टीने रोजचा कागद आहे. पण बदलीच्या अर्जाला मुदत थोडी असते. 'उद्या या' म्हणताना पोराच्या हातातली तारीख एकदा बघावी.

दोन घरांची गोष्ट

त्याच पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका पोराने घाई केली. नव्या कॉलेजात तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले, एवढ्यावर त्याने जुन्या कॉलेजातून दाखला काढून घेतला. नव्या ठिकाणी यादीत नाव लागलं नाही. जुन्या ठिकाणी पुन्हा घेईनात. पोराचं एक वर्ष गेलं, आणि उसाच्या बिलातून भरलेली फीही गेली. बाप माझ्यापुढे बसून काही बोलला नाही, नुसता टोपी हातात फिरवत राहिला. ते मला अजून दिसतं. म्हणून सांगतो, नव्या कॉलेजचा लेखी आदेश हातात पडेपर्यंत जुन्या कॉलेजचा दाखला काढू नका. या लेखातली बाकी सगळी वाक्यं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा.

आजऱ्याच्या पोरीने दापोलीचा अर्ज केला. जागा एकच रिकामी होती, ती जास्त गुणाच्या मुलाला गेली. पण तिने दाखला काढलेला नव्हता. आठव्या दिवशी ती मराठवाड्यात आपल्या जुन्या वर्गात जाऊन बसली. मामा नाराज होते. मी त्यांना म्हटलं, "मामा, दापोली मिळाली नाही म्हणून काजू थोडाच बंद झालाय? सुट्टीत पोरीला घेऊन वेंगुर्ल्याला जाऊन या."

ते गेले. बापलेकीने केंद्रावर दिवस काढला आणि परत येऊन वरकस रानात जुन्या झाडांच्या मोकळ्या जागी नवी कलमं लावायचं ठरवलं. पावसात ती लावली.

यंदा उन्हाळ्यात मी त्या रानात गेलो होतो. प्रत्येक कलमाच्या बुडात वाळलेल्या पाल्याचं जाड आच्छादन घातलेलं. आपल्याकडे पावसाळ्यात धो-धो पाऊस, त्यामुळे उन्हाळ्यातल्या ओलीची काळजी फारसं कुणी करत नाही, आणि नवी कलमं एप्रिल-मे मध्ये वाळतात. मी विचारलं, "मामा, हे कुणी सांगितलं?"

"पोरीनं. तिकडं पाण्याची लई टंचाई, म्हणून तिकडं असं करत्यात म्हणं," मामा म्हणाले. मग एका कलमाचा पाला बाजूला करून त्यांनी खालची माती बोटाने दाबून दाखवली. माती ओली होती.