तेंदूचे पान सर्वांना ठाऊक, फळ कुणाला?

भेडाघाटला येणारा प्रवासी धुवांधारचे तुषार अंगावर घेतो, संगमरवरी कड्यांमधून नावेने फिरतो, चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढतो आणि दगडाची एखादी मूर्ती घेऊन परततो. भर उन्हाळ्यात याच मुलखातल्या जंगलांत पिकणारे एक पिवळे फळ मात्र त्याच्या गावीही नसते. हे फळ तेंदूचे!

तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. परदेशात ‘पर्सिमन’ म्हणून मिळणारे आणि कुल्लूकडे ‘जापानी फळ’ म्हणून विकले जाणारे केशरी फळ याच कुळातले. पण त्याला थंडी लागते, तर तेंदू मध्य भारताच्या रणरणत्या उन्हात पोसतो. फळ साधारण लिंबाएवढे, साल चिवट, आत मऊ गोड गर आणि चपट्या बिया. महाकोशलातल्या आठवडी बाजारांत उन्हाळ्यात ते टोपल्यांतून येते. शहरातल्या फळवाल्याकडे मात्र क्वचितच दिसते.

असे का? कारण या झाडाची किंमत ठरते पानावर. जबलपूर हे विडीचे जुने केंद्र आणि विडी वळली जाते तेंदूच्या पानात. मध्य प्रदेशात 1964 च्या कायद्याने हा पानांचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. तिकडे 50 पानांची एक गड्डी आणि अशा 1000 गड्ड्यांचा एक ‘मानक बोरा’ धरतात. कोवळी, रुंद पाने मिळावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटली जातात. सुमारे दीड महिन्यात नवी पाने तोडणीला येतात.

खरी मेख इथेच आहे. तेंदूच्या फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत जवळजवळ एक वर्ष जाते. दरवर्षी छाटल्या जाणाऱ्या झुडपाला फळ धरायला सवड मिळणार कुठून? अर्थात, भर उन्हाळ्यात हातात रोख पैसा देणारे पान सोडून फळाची वाट पाहा, असे जंगलातल्या बाईला सांगणे सोपे नाही. पण ज्यांच्याकडे थोडी स्वतःची जमीन आहे, त्यांनी बांधावरची चार झाडे न छाटता वाढू द्यायला काय हरकत आहे?

बोराचे नशीब

रानबोराने आपले नशीब कधीच पालटून घेतले. बांधावरची काटेरी बोरी उन्हाळ्यात बुंध्याशी कापायची, पावसाळ्यात फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यावर उमराण, कडाका किंवा मेहरूण जातीचा डोळा भरायचा, की दोन-तीन वर्षांत मोठी, गोड बोरे हाती येतात. मुळे रानातलीच असल्याने झाड दुष्काळालाही दाद देत नाही. तेंदूच्या वाट्याला अशी हौस आलीच नाही. त्याच्या नावाजलेल्या जाती बाजारात मिळत नाहीत.

लावायचा असेल तर

म्हणून उत्तम फळाचे झाड आपणच हेरायला हवे. त्याचे ताजे बी पावसाळ्याच्या तोंडावर कायमच्या जागीच टोकावे. तेंदूचे सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावले, तर ते बहुधा दगावते. पहिली काही वर्षे वाढ इतकी सावकाश होते, की रोप मेले की काय, अशी शंका यावी! नर आणि मादी झाडे वेगळी असतात, फळ फक्त मादीला येते. तेव्हा एकच बी लावून भागत नाही, आठ-दहा तरी लावावीत. जुने झाड जवळ असेल, तर त्याच्या मुळांवर फुटलेले धुमारे राखणे त्याहून सोपे. मात्र नर झाडाच्या मुळावरचा धुमारा नरच निघणार, हे विसरू नये.

आणि फळ हिरवे असताना मुलांना तोडू देऊ नका. कच्च्या तेंदूने तोंड असे आखडते, की पुढल्या खेपेला ती पिकलेल्या फळालाही हात लावणार नाहीत. पिवळे होऊन बोटाने दबू लागले, की मगच खावे.