शेती व वनांसाठी हवामान वित्त : एक नवे व्यवसायक्षेत्र

प्रस्तावना
वाकड परिसरातील वाणिज्य पदवीधरासमोर हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्या अथवा चाकणचे कारखाने हेच पर्याय प्रामुख्याने असतात. तथापि, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने जून २०२५ मध्ये २०० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे उभारल्याने पर्यावरण व वित्त यांचा संबंध या शहरातही स्पष्ट झाला आहे. शेती व वनांच्या संदर्भातील याच संबंधाचा व त्यातील व्यवसायसंधींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवामान वित्ताचे स्वरूप
हवामान वित्ताची उद्दिष्टे दोन आहेत : उत्सर्जन घटविणे आणि बदलत्या हवामानाशी अनुकूलन साधणे. अनुकूलनातून विक्रीयोग्य वस्तू निर्माण होत नाही; म्हणून ते मुख्यतः सार्वजनिक निधीवर अवलंबून असते. मुंबईस्थित नाबार्डला २०१२ मध्ये अनुकूलन निधीची, तर २०१५ मध्ये हरित हवामान निधीची मान्यता मिळाली. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जाच्या आधारे २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प १५ जिल्ह्यांसाठी हाती घेण्यात आला.

कार्बन क्रेडिटचे स्वरूप निराळे आहे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकी घट किंवा साठवण. मोजणी व पडताळणी झाल्यावरच ते विकता येते. दोन एकरांच्या शेतकऱ्यास हा खर्च परवडत नाही. त्यामुळे अनेकांची जमीन एकत्र नोंदविणारा मध्यस्थ येतो. पुढे जमिनीतील कार्बन पुन्हा मुक्त झाल्यास तोटा कोणी सोसावा, हे करारातील कलम ठरविते.

वनांबाबत मालकीहक्काचा प्रश्न प्रथम येतो. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा ठिकाणी ग्रामसभेच्या संमतीवाचून उभा केलेला प्रकल्प न्याय्य ठरणार नाही.

आवश्यक क्षमता
प्रकल्प अहवाल तयार करणे, जोखीम मूल्यमापन, माती व वृक्षांची मोजणी, उपग्रह प्रतिमांचे वाचन आणि करारलेखन ही या क्षेत्रातील प्रमुख कामे होत. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास मृदाशास्त्राची आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास ताळेबंदाची तोंडओळख हवी. नियमित अभ्यासक्रमात हे शक्य नसल्यास दोन विभागांनी संयुक्त प्रकल्पकार्य द्यावे.

समारोप
या क्षेत्रातील कर्मचारी निधी देणारा आणि जमीन कसणारा यांच्यामध्ये उभा असतो. कराराचा अर्थ शेतकऱ्यास मराठीत नेमकेपणाने सांगता येणे, हीदेखील या व्यवसायाची मूलभूत पात्रता मानली पाहिजे. तिच्या अभावी हवामानाची जोखीम तर शेतकऱ्याकडे राहीलच. शिवाय कराराची जोखीमही त्याच्याच माथी येईल.