सत्तावीस की ७२? घरी शिकणाऱ्या चिमुकल्यांसाठी गणित निवडताना

ज्यांना हेडफोन सापडत नाहीयेत त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातलं थोडं कापलंय, बाकी जसंच्या तसं.

विषय घरचाच आहे. माझी भाची सात वर्षांची, इथेच नाशिकमध्ये राहते. ताई आणि भावोजी यंदापासून तिला घरीच शिकवतायत. भाषा मजेत चाललीय, चित्रांचं तर विचारूच नका. पण गणिताची वही काढली की हिच्या पोटात दुखतं. मागच्या महिन्यात मला म्हणाली, ‘मावशी, मी ढ आहे.’ सातव्या वर्षी निकाल लावून मोकळी! आणि ताईच्या फोनवर ढीगभर टॅब उघडे: सिंगापूर मॅथ, अबॅकस, अमुक किट, तमुक ॲप. ‘यातलं कुठलं घेऊ?’

मी म्हटलं, आत्ता काहीच घेऊ नकोस. आधी ती नेमकी कुठे अडते ते बघू.

मग वही बंद ठेवून वीस मिनिटं बसलो. ‘सत्तावीस चिंचोके दे’ म्हटलं, तिनं बरोबर मोजून दिले. ‘आता हाच आकडा लिही.’ लिहिले ७२. अडुसष्ट सांगितलं, तर ८६. म्हणजे संख्या तिला कळते हो! घोळ आहे तो नावात.

मराठीत आपण सुटे आधी बोलतो आणि दशक नंतर. ‘सत्तावीस’ म्हणताना कानावर आधी सात पडतो, कागदावर मात्र आधी दोन लिहायचा. त्यावर कडी म्हणजे एकोणतीस. २९ मध्ये तीसही दिसत नाही आणि एकही नाही; तीसला एक कमी, हे मुलानं मनातल्या मनात ओळखायचं. जर्मन मुलांनाही हा उलटा प्रकार भोगावा लागतो. कन्नड, तेलुगूत मात्र वीस आधी आणि सात नंतर, जसं बोलायचं तसं लिहायचं.

तुम्हाला २०१९ आठवतंय का? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत आली आणि काय गदारोळ झाला! विधानसभेतही कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर, आणि लहान मुलांना अडतं ते सोपं करावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जुनी नावं काही पुसलेली नव्हती. माझं स्पष्ट मत: विनोद करणाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या मुलासमोर अर्धा तास बसून बघायला हवं होतं. आम्ही घरी दोन्ही बोलतो, ‘वीस सात, म्हणजेच सत्तावीस’.

आता अभ्यासक्रमाकडे. सिंगापूर पद्धतीचं एवढं नाव का? तिचा क्रम: आधी हातात वस्तू, मग चित्र, आणि शेवटी चिन्ह. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारातून आलेला. बहुतेक मुलं रडतात कारण त्यांना थेट तिसऱ्या पायरीवर उभं केलेलं असतं. पण हा क्रम पाळायला परदेशी पुस्तकच हवं असं कुठाय? बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि त्यातही दहाचे गठ्ठे आणि सुटे आहेतच. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ची गणितमाळ बघा: शंभर मणी, दर दहाला रंग बदलतो. दोन रंगांचे मणी आणि दोरा आणून आम्ही घरीच ओवली. आणि सगळ्यात भारी साहित्य म्हणजे दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. दोन नोटा, सात नाणी. आता ७२ लिहून दाखव! तिनं स्वतःच खोडलं.

अबॅकस? वेगासाठी ठीक असेल. पण जिला आकडा लिहितानाच धडधडतं, तिला घड्याळ लावून वेग शिकवायचा नाही. ॲपचंही तेच. चुकलं की लाल फुली दाखवणारी ॲप्स आम्ही सध्या काढून टाकलीत.

गंमत म्हणजे तिच्या ‘चुकी’तूनच एक खेळ निघाला. ७२ वजा २७? ४५. उलटा करून मोठ्यातून लहान वजा करा: ५४ वजा ४५, ९. मग ९० वजा ०९, ८१. ८१ वजा १८, ६३. ६३ वजा ३६, २७! फिरून तिथेच. वजाबाकी मी केली, ती नुसती ओरडत होती. असले खेळ खेळणारा माणूस आपल्या देवळालीचाच: शाळामास्तर द. रा. कापरेकर. चार अंकांसाठी त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करत राहा, जास्तीत जास्त सात वेळा. ६१७४ येतोच. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

राहता राहिली आजीची काळजी, ‘पुढे परीक्षेचं काय?’ शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. शिवाय एनआयओएसच्या तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष पातळ्या आहेत. म्हणजे ताईला यंदा घाई नाही. दिवाळीपर्यंत शंभराच्या आतच राहायचं, रोज वीस मिनिटं, आणि लिहिणं फक्त शेवटच्या पाचात, असं ठरलंय. गुणाकाराचं पुस्तक तिनं आणून ठेवलंय, पण कपाटात.