थंडीतली पाखरांची पंगत

डिसेंबरच्या उत्तरार्धात लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर तो सहा तासही भरत नाही. ब्रिटनच्या बागांत नेहमी दिसणारा ब्लू टिट हा निळ्या टोपीचा, पिवळ्या पोटाचा पक्षी वजनाने अवघा ११ ग्रॅमच्या आसपास असतो. एवढ्याशा अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. ती टिकवण्यासाठी दिवसभरात साठवलेली चरबी रात्रभर जाळावी लागते आणि उजाडेपर्यंत साठा संपत आलेला असतो. पोट भरलेले असेल तर पिसे फुलवून बसलेला पक्षी बरीच थंडी सोसतो. थंडीत पक्षी मरतात ते बहुतेक उपासमारीने. जमीन गोठून टणक झाली, फांद्यांवर बर्फ चढला, की किडे, अळ्या, बिया समोर असूनही चोचीला लागत नाहीत. १९६२-६३च्या हिवाळ्यात ब्रिटनमधल्या रेन या चिमुकल्या कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली. हा पक्षी एरवी एकलकोंडा आणि भांडकुदळ. पण गारठ्यात दाटीवाटीने झोपतो. १९६९च्या हिवाळ्यात नॉरफोक परगण्यात एकाच घरट्याच्या पेटीत ६१ रेन मोजले गेले होते.

पाखरांना दाणे घालण्याची ब्रिटिश सवय अशाच एका हिवाळ्याने पक्की केली. १८९०-९१ साली कडाक्याची थंडी पडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी लोकांना पक्ष्यांना खाऊ घालण्याचे आवाहन केले. वीस वर्षांत ती गोष्ट तिथे राष्ट्रीय छंद म्हणून ओळखली जाऊ लागली. पक्ष्यांनीही माणसांच्या सवयी हेरल्या. दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटलीचे झाकण चोचीने फाडून वरची साय खाणारे टिट १९२१ साली साउदॅम्प्टनजवळ प्रथम नोंदवले गेले आणि पुढच्या काही दशकांत ही करामत देशभर दिसू लागली.

थंडीत पक्ष्याला हवे असते ते कमी वेळात जास्त ऊर्जा देणारे, म्हणजे स्निग्ध खाणे. काळ्या सालीच्या सूर्यफुलाच्या बिया, बिनमिठाचे शेंगदाणे आणि गुरांच्या चरबीत दाणे घालून केलेले गोळे ही तिथली रूढ पंगत. ब्लॅकबर्डसारख्या जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्याला पडकी सफरचंदे चालतात, तर रॉबिनला वाळवलेल्या अळ्या. गोल्डफिंच या लाल तोंडाच्या, बारीक चोचीच्या पक्ष्यासाठी विकत आणले जाते ते मराठी माणसाच्या ओळखीचे धान्य आहे: चटणीचे कारळे. भारत आणि इथिओपिया हे कारळ्याचे जुने उत्पादक. इंग्लंडच्या बागांत गोल्डफिंच वाढले त्याच्या श्रेयात या काळ्या दाण्यांनाही वाटा दिला जातो. शेंगदाण्यांबाबत मात्र जपावे लागते. ओल लागून बुरशी आली तर तयार होणारे अफ्लाटॉक्सिन पक्ष्यांना घातक असते. खारवलेले काहीही वर्ज्य. पावाने पोट भरते, पोषण फारसे होत नाही. पाणी तर दाण्याइतकेच मोलाचे, कारण सगळीकडची डबकी गोठलेली असतात. उथळ भांड्यातला बर्फ रोज सकाळी फोडावा लागतो.

दाणेपात्र झुडपापासून साधारण दोन मीटरवर टांगतात. त्याहून जवळ असले तर मांजर दबा धरते. फार लांब असले तर ससाण्यासारख्या स्पॅरोहॉकची झडप चुकवून लपायला जागा उरत नाही. पण मांजर आणि शिकारी पक्षी यांच्याहून मोठा धोका खुद्द दाणेपात्रच निर्माण करते. एरवी विखरून चरणारे पक्षी तिथे एकमेकांच्या उष्ट्यावर येतात. २००५पासून ट्रायकोमोनोसिस या घशाच्या रोगाने ब्रिटनमधल्या ग्रीनफिंचचा फडशा पाडला आणि २०२१ साली हा एके काळचा सर्वसामान्य पक्षी तिथल्या लाल यादीत गेला. आरएसपीबी ही ब्रिटनची मोठी पक्षीसंरक्षण संस्था, पण सपाट पात्रांवर सांडलेली लाळ आणि विष्ठा दाण्यांत मिसळते या धास्तीने २०२५मध्ये तिनेही त्यांची विक्री थांबवली. आठवड्याला घासून धुणे, पात्राची जागा बदलत राहणे, एका दिवसात संपतील एवढेच दाणे घालणे, आणि फुगलेला, सुस्त पक्षी दिसला तर पंगतच काही आठवडे बंद ठेवणे हे नियम ज्याला पाळायचे नाहीत, त्याने दाणे न घातलेलेच बरे.

निरीक्षणासाठी हिवाळ्याइतका सोयीचा ऋतू नाही. झाडे निष्पर्ण, पक्षी खिडकीजवळ. तेवढ्यातही बरेच काही उलगडते. रॉबिनची मादीसुद्धा थंडीत स्वतःचा वेगळा इलाका राखते आणि त्यासाठी गाते, हे डेव्हिड लॅक यांच्या १९४३च्या पुस्तकाने सामान्य वाचकांपर्यंत पोचवले. १९७९ साली आरएसपीबीने मुलांसाठी एक खेळ काढला: जानेवारीच्या अखेरीस तासभर बागेत पाहायचे आणि मोजायचे. आता त्यात लाखो लोक भाग घेतात. नियम साधा आहे. प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले सर्वाधिक पक्षी तेवढे मोजायचे, नाहीतर तोच टिट दहा वेळा येऊन दहा होतो. यादीत बहुतेक वर्षी पहिली येते ती आपली घरचिमणी, जातही तीच. मात्र पूर्वीच्या मानाने तीही निम्म्याहून खाली आली आहे.

दाण्यांनी पक्ष्यांच्या वाटाही वळवल्या. मध्य युरोपातले ब्लॅककॅप पूर्वी हिवाळ्यात स्पेनकडे जात. १९६०नंतर त्यांतले काही वायव्येला ब्रिटनमध्ये येऊ लागले. ही दिशा आनुवंशिक असल्याचे प्रयोगांत दिसले. सौम्य झालेले हिवाळे आणि बागांतले खाणे यांवर ती तगली.

महाराष्ट्रात गणित उलटे आहे. इथला हिवाळा उपासमारीचा नसतो. मळणी, बोरे, फुलांवरचे किडे यांची तेव्हा चंगळ असते. हिमालयापलीकडून येणारा शेपटी थरथरवणारा थिरथिरा किंवा अंगणात तुरुतुरु चालणारा परीट किडे खातो, त्यामुळे टाकलेल्या ज्वारीवर फक्त पारवे जमतात. किडे खाणाऱ्या या पक्ष्यांना उपयोगी पडते ते पाण्याचे उथळ भांडे, फवारणी न केलेली झाडे आणि न झाडलेला पालापाचोळा. पाण्याची खरी निकड मार्च ते मे या महिन्यांत असते. मोजायची हौस असेल तर फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. २०१३पासून तो जगभर होतो. त्यात भारतातूनही नोंदी जातात आणि किमान पंधरा मिनिटांचे निरीक्षण पुरते.