पोरांच्या वहीतला कोसाइन आणि आपली भरती-सुकती

अकरावी-बारावीची पोरं साइन-कोसाइनचे आलेख काढतात आणि विचारतात, याचा उपयोग काय? त्यांना सांगा, भरतीचं पाणी जवळजवळ त्याच वळणानं चढतं आणि उतरतं.

मुरगाव बंदरासारखं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. सकाळी 10 वाजता भरती 2 मीटर, दुपारी सव्वाचारच्या सुमाराला सुकती 0.6 मीटर. मधली पातळी 1.3, म्हणजे अख्खा आलेख तेवढा वर उचलायचा. पाणी तिथून 0.7 वर, 0.7 खाली जातं, ती त्याची उंची. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं, ती लांबी. उधाणाला उंची वाढते, अष्टमीच्या भांगाला कमी होते. उद्याची भरती साधारण 50 मिनिटं उशिरा, म्हणजे आलेख उजवीकडे सरकला. भरतीपासून मोजलं तर कोसाइन, मधल्या पातळीवरून चढताना मोजलं तर साइन. वक्र एकच.

आता होडीचं बघा. नदीच्या तोंडाशी वाळूवर सुकतीच्या शून्य पातळीलाही 1 मीटर पाणी आहे आणि होडीला अडीच मीटर लागतं. 10 वाजता तिथे 3 मीटर पाणी. 11 पर्यंत फक्त 9 सेंटीमीटर उतरतं. तांडेल म्हणतो, घाई कसली? पण 12 ते 1 या एका तासात 33 सेंटीमीटर जातं. साडेबारानंतर वाळू लागायला सुरुवात. वक्र माथ्यावर सपाट आणि मध्ये उभा असतो, त्याचा हा हिशेब. लाटांची उसळी धरली तर बारालाच आत असलेलं बरं.

खरी भरती एका वक्राची नसते. आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, कारण चंद्र-सूर्याचे कितीतरी वक्र एकात मिसळतात. 1879 मध्ये हिंदुस्थानच्या बंदरांसाठी इंग्लंडात चाकांचं एक यंत्र केलं होतं, ते हीच बेरीज करून वर्षाचे भरतीचे तक्ते काढायचं. आजचे तक्ते सर्व्हे ऑफ इंडिया काढते.

म्हणून तक्त्यातली भरती आणि तिच्यापुढची सुकती, या जोडीचाच आलेख काढा. पुढच्या जोडीचा वेगळा. पावसाळ्यात नदीला पूर असला किंवा वारा जोराचा असला, तर तक्त्यावरही विसंबू नका. पोरगं घरी असेल तर काढून घ्या त्याच्याकडून, त्याचाही अभ्यास होईल.