वाजतंय लई, निघत काहीच नाही

नाणी-दागिने शोधायला मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा, यावर लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा दुकानांत फिरून लेख होईल असं वाटलं होतं. पण भालकी तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी सोयाबीनच्या राशीवर सुनेची अंगठी आणि एक चांदीचं जोडवं हरवलं होतं, आणि ते शोधायला कलबुर्गीहून मशीनवाला येणार होता. मी दुकानांचा नाद सोडला आणि बिदरची गाडी धरली.

या मुलखात मशीनचं नाव काढलं की लोकांना अंगठी आठवत नाही, गुप्तधन आठवतं. त्यात नवल नाही. १३४७ पासून कलबुर्गी बहमनींची राजधानी होती, पुढच्या शतकात ती बिदरला गेली. अहसनाबाद (कलबुर्गी) आणि मुहम्मदाबाद (बिदर) अशी टांकसाळींची नावं बहमनी नाण्यांवर आजही वाचता येतात. त्यात १९४८ च्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत पुरून ठेवलेल्या डागांच्या गोष्टी. पूर्वी त्यासाठी पायाळू माणूस शोधायचे, अंजन घालायचे. आता इंटरनेटवरून मशीन मागवतात.

आमचा मशीनवाला पस्तिशीतला. एरवी तो डांबराखाली गाडले गेलेले पाण्याचे व्हॉल्व्ह शोधून देतो. दंडाला अडकवायची दांडी, टोकाला ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. बोलणं कमी.

यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं असलंच यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवलं. गोळी सापडली नाही. गादीतल्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं सैनिकाच्या हाती मावेल असा सुरुंगशोधक बनवला. तत्त्व तेच राहिलं: एका वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडायचा, त्यानं जमिनीतल्या धातूत भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांचा प्रतिध्वनी दुसरं वेटोळं टिपतं. नंतरच्या काळाची खरी करामत म्हणजे तो प्रतिध्वनी धातूचा की मातीचा, हे ओळखणं.

आणि बिदरला ती करामत घाम गाळते. शहर जांभ्याच्या पठारावर बसलंय. लालसर, सच्छिद्र, लोहानं गच्च भरलेला दगड. किल्ल्यातली जुनी माती बिदरी कारागीर नवसागराबरोबर उकळतात, तेव्हा जस्त-तांब्याचा मिश्रधातू काळाभोर होतो आणि चांदीची तार उठून दिसते. माती चांगली की नाही हे ते जिभेला लावून ओळखतात. मशीनलाही या मुलखात आधी माती चाखावी लागते.

ते मी जवळून पाहिलं. बिदरजवळच्या एका रानाच्या मालकाला विचारून मशीनवाल्यानं जांभ्यावर चकती धरली. वीतभर वर उचलली, खाली आणली, पुन्हा उचलली. एका हातानं बटण किंचित फिरवत. हेडफोन मला दिला. चकती खाली जाताना एक घुमारा चढत होता, वर येताना उतरत होता. बटण फिरेल तसा तो सपाट होत गेला, जणू कुणी तंबोरा लावतंय. "हे जमलं नाही तर मशीन मातीलाच सोनं म्हणतं," तो म्हणाला. मग त्यानं खिशातलं पाच रुपयांचं पिवळं नाणं पुरलं. भालकीच्या काळ्या रानात तेच नाणं वीतभर खोलीवरून स्पष्ट बोललं होतं. इथं चार बोटांखाली गेलं आणि मुकं झालं.

म्हणून माझा पहिला सल्ला: ब्रँड नंतर, आपल्या रानाची माती आधी. मातीशी जुळवणी, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, हातानं लावता येत नाही असं स्वस्त मशीन जांभ्यावर घेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या मिनेलॅबनं १९९५ मध्ये असल्याच लोहाळ जमिनींसाठी पल्स पद्धतीचं एसडी २००० काढलं. ते मातीला बधत नाही, खोल जातं. पण ही पद्धत लोखंड आणि सोनं यांत धड निवड करत नाही, म्हणजे प्रत्येक खिळा उकरायचा. साध्या मशीनमध्ये वारंवारता बघा: चांदीच्या रुपयाला कमी किलोहर्ट्झ चालतात, बारीक सोन्याला पंधरा-वीसच्या वर हवेत. अनेक वारंवारता एकदम चालवणारं परवडलं तर उत्तम. चकती मोठी तर खोली जास्त, पण बारीक डाग निसटतो.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. सोन्याची अंगठी आणि गुटख्याच्या पुडीची चंदेरी पन्नी मशीनला जवळपास सारखीच ऐकू येते. कचरा गाळायचा म्हणून 'डिस्क्रिमिनेशन' चढवलं की अंगठीही गाळली जाते. बारीक साखळी त्याहून वाईट: मशीन अख्खी साखळी धरत नाही, एकेक कडी धरतं, आणि कडी ती केवढी!

भालकीला राशीच्या जागेवर दुपारपर्यंत निघालं ते असं: बैलाच्या पत्रीचे खिळे अकरा, फाळाचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट, बाटलीची बुचं, पन्न्या मोजल्याच नाहीत. आजी बांधावर बसून बघत होत्या. "वाजतंय लई, निघत काहीच नाही," त्या म्हणाल्या.

या घरी त्याआधी आणखी एक 'मशीन' येऊन गेलं होतं. प्लास्टिकची मूठ, त्यावर डुलणारी तार, 'शंभर मीटरवरून सोनं दाखवतं' असा दावा. आत बॅटरीसुद्धा नव्हती. अशीच तारेची मूठ बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली. दहा फूट खोलीवरचं नाणं दाखवण्याची जाहिरात दिसली तर खिशावर हात ठेवा; चांगल्या मशीनला चांगल्या मातीत एकटं नाणं वीत-सव्वा वीत खोलीवर सापडतं.

आणि कायदा. बिदरचा किल्ला, गावानांचा मदरसा, अष्टूरच्या कबरी, कलबुर्गीचा किल्ला, अशोकाचं नाव कोरलेला शिल्पपट ज्या कनगनहळ्ळीत मिळाला ते सन्नतीचं रान: तिथं परवानगीशिवाय उकरणं हा १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यानं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात सापडलं म्हणूनही सगळं आपलं होत नाही. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, हे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो; कर्नाटकनं १९६२ मध्ये स्वतःचा कायदा केला. शंभर वर्षांपलीकडचं नाणं १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं. मला विचाराल तर हे कायदे कडक नाहीत, उशिरा आठवतात. बहमनी तांब्याचं नाणं बाजारात फार मोलाचं नसतं. ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, हेच त्याचं मोल, आणि खुरप्याच्या एका फटक्यात ते जातं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, कडब्याच्या गंजीलगत, एक गोल स्वच्छ सूर आला. तीन बोटं माती सारली. जोडवं. सुनेनं ते पदरानं पुसलं आणि तिथंच बोटात घातलं.

अंगठी मिळाली नाही. मृगाच्या आधी रान नांगरलं की मशीनवाला परत येणार आहे; भाडं अर्धंच घेईन म्हणालाय.