गोल करवतीला दात किती हवेत?

जव्हारच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानी जाऊन गोल करवतीचे पाते मागितले, तर दुकानदार उलट विचारतो, "किती इंची? आणि दात किती?" मग तो दोन पाती काढून समोर ठेवतो. दोन्हींचा व्यास तोच, २५० मिलिमीटर, म्हणजे बोलीभाषेतले दहा इंची. एकाला २४ दात, दुसऱ्याला ८०. दुसऱ्याची किंमत अर्थातच जास्त. आपण काय घ्यावे?

जास्त दात म्हणजे चांगले पाते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती निम्मी खरी आहे, आणि निम्मी खरी समजूत साफ खोट्या समजुतीपेक्षा जास्त नुकसान करते. कोणत्या लाकडात, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने कापायचे, हे सांगितल्याशिवाय पाते चांगले की वाईट, हे ठरवताच येत नाही. ठरवायला मात्र शाळेतल्या गणित-विज्ञानापलीकडे फारसे काही लागत नाही.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात वांगणी नावाचे गाव आहे. (मुंबई-कर्जत लोहमार्गावरची वांगणी ती वेगळी.) या बाजूच्या जंगलात साग, ऐन, खैर ही झाडे आढळतात. अशा गावात घराचे किंवा दारे-खिडक्यांचे काम निघाले, की सुताराच्या पिशवीत वाकस, पटाशी, रंधा आणि गुण्या यांच्या जोडीला हल्ली विजेवरची करवतही असते. म्हणून उदाहरणासाठी वांगणीतल्या एका घराची सागवानी चौकट आणि तिच्यात बसवायचे प्लायवुडचे दार घेऊ या.

प्रथम लाकडाकडे पाहू. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या उभ्या तंतूंचा जुडगा. बांबू कोयत्याच्या एका घावाने उभा चिरत जातो, पण आडवा तोडायचा तर दहा घाव घालावे लागतात. लाकडाचेही तसेच. फळी लांबीच्या दिशेने चिरताना दाताने पटाशीसारखे काम करायचे असते. तंतूंच्या टोकांवर बसून त्यांचे लांबट तुकडे उपटून काढायचे असतात. त्यासाठी दात सपाट माथ्याचे, पुढे झुकलेले आणि संख्येने थोडे हवेत. आडवे कापताना काम बदलते. विळ्याने भाताचे ताट कापावे, तसा प्रत्येक तंतू आधी नीट तोडावा लागतो, नाही तर कडेला कुसळे निघतात. म्हणून आडव्या कापाच्या पात्यात दातांचे माथे तिरके घासलेले असतात, एकाचा उतार डावीकडे तर पुढच्याचा उजवीकडे. कापाच्या दोन्ही कडा जणू चाकूने आखल्या जातात आणि मधला भाग भुसा होऊन निघतो. अशा पात्याला दातही जास्त लागतात.

आता थोडे गणित. पाते मिनिटाला ३००० फेरे घेते आणि सुतार फळी मिनिटाला ३ मीटर, म्हणजे ३००० मिलिमीटर, या वेगाने पुढे सरकवतो असे धरा. २४ दातांच्या पात्याचे मिनिटाला ३००० × २४ = ७२,००० घास होतात. ३००० मिलिमीटर लाकूड तेवढ्या घासांत वाटले, की दर दाताच्या वाट्याला सुमारे ०.०४ मिलिमीटर जाडीचा घास येतो. ८० दातांच्या पात्यात तोच घास ०.०१२५ मिलिमीटरवर येतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, त्यावरून कल्पना करा. इतक्या पातळ घासात दाताची धार लाकडात शिरण्याऐवजी त्यावरून घसरू लागते. घसरणे म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. जाड सागवान ८० दातांच्या पात्याने उभे चिरताना कापाची कड काळी पडते आणि जळका वास येतो, त्याचे हे कारण. सुतार म्हणतो, "पाते बोथट झाले." कधी ते खरेच बोथट असते, पण कधी कधी कोरे पातेही असेच जाळते.

दोन दातांमधल्या खोबणीकडेही लक्ष द्या. कापलेला भुसा लाकडाबाहेर पडेपर्यंत या खोबणीतच राहतो आणि सैल भुशाला मूळ लाकडाच्या कित्येक पट जागा लागते. दात वाढवले की खोबणी लहान होतात. मग ओल्या किंवा जाड लाकडात भुसा कोंदतो आणि पाते गुदमरते. म्हणून चौकटीसाठी सागवान उभे चिरायचे तर २४ दातांचे पाते घ्यावे. प्लायवुडमध्ये पातळ थरांचे तंतू एकाआड एक उभे-आडवे असतात, त्यामुळे त्याची कड शाबूत राहायला ६० ते ८० दातांचे पाते हवे. एकच पाते परवडत असेल तर ४० दातांचे घ्यावे. दोन्ही कामे ते करते, कोणतेच उत्तम करीत नाही.

दातांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे दात कशाचा. जुनी गोल पाती सबंध पोलादाची असत. दात त्याच पत्र्यातून कापलेले, एक किंचित डावीकडे आणि पुढचा किंचित उजवीकडे वाकवलेला. त्यामुळे काप पत्र्यापेक्षा रुंद पडतो आणि पाते फटीत घासत नाही. हल्लीच्या बहुतेक पात्यांत दाताच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा बारीक तुकडा डाखाने जोडलेला असतो. टंगस्टन आणि कार्बन यांचे हे संयुग पोलादापेक्षा पुष्कळ कठीण, पण ठिसूळ. म्हणून त्याची पूड कोबाल्ट धातूबरोबर मिसळून, दाबून, भट्टीत तापवतात. कोबाल्ट भिंतीतल्या चुन्यासारखा कणांना धरून ठेवतो. ही युक्ती जर्मनीत १९२० नंतरच्या दशकात निघाली आणि क्रुप कंपनीने तो पदार्थ 'विडिया' या नावाने विकायला आणला. जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखा' अशा अर्थाच्या शब्दांवरून ते नाव बनवले होते.

सागाला या कठीणपणाची विशेष गरज पडते. सागाच्या लाकडात सिलिका असते. वाळूत असते तोच हा पदार्थ. रंधा मऊ लागावा असे तेलकट लाकूड, पण आतून ते हत्याराची धार खाते. प्लायवुडमधला वाळलेला डिंकही तसाच. पोलादी दात अशा कामात लवकर बोथटतात, कार्बाइडचे कितीतरी जास्त टिकतात.

तरीही पोलादी पात्याला मोडीत काढू नये, असे मला वाटते. पोलादी दाताला सुतार अंगणात बसून तिकोनी कानशीने धार लावू शकतो. कार्बाइडला कानस लागतच नाही. त्याला हिऱ्याच्या कणांचे चाक आणि ते चालवणारे यंत्र हवे. ते जवळपास नसेल, तर बोथट झालेले उत्तम पाते शहरात पाठवावे लागते, नाही तर भिंतीला टांगावे लागते. साधे लाकूड क्वचित कापायचे असेल, तर दुर्गम गावात पोलादी पाते शहाणपणाचे ठरू शकते. कार्बाइडचे घेतल्यास टोकाचा तुकडा जाड पाहून घ्यावा. तुकडा जितका जाड तितक्या जास्त वेळा धार लावता येते.

आता पात्याची चकती पाहू. चांगल्या पात्याच्या काठाला तीन-चार ठिकाणी बारीक फटी कापलेल्या दिसतात. काहींना ती तूट वाटते. प्रत्यक्षात रेल्वेच्या रुळांच्या सांध्यांत जशी पूर्वी फट ठेवीत, तसेच हे आहे. कापताना पात्याचा काठ तापतो, मधला भाग मात्र थंड राहतो. काठ मध्यापेक्षा ५० अंशांनी जास्त तापला असे धरा. पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२ आणि २५० मिलिमीटर व्यासाच्या पात्याचा परिघ ७८५ मिलिमीटर. गुणाकार केला की काठाची वाढ सुमारे अर्धा मिलिमीटर येते. पण आतला थंड भाग काही वाढत नाही. जागा थोडी आणि काठ जास्त, मग तो परकराच्या झालरीसारखा लहरतो. पाते लटलटू लागते आणि काप वाकडा जातो. फटींमुळे या वाढीला जागा मिळते. लाकूडगिरणीतल्या मोठ्या पात्यांत कुशल कारागीर आणखी एक गोष्ट करतात. हातोडीने ठोकून चकतीचा मधला भाग ते किंचित ताणून ठेवतात. थांबलेले पाते त्यामुळे मध्यभागी थोडे सैल वाटते, पण वेगात फिरताना आणि काठ तापल्यावर ते ताठ होते. जुन्या पात्यावर निळसर डाग दिसले, तर तेथे पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून गेले आहे असे समजावे. असे पाते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

वेगाच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. प्रत्येक चांगल्या पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. युरोपातील ई. एन. ८४७-१ या मानकाप्रमाणे तर तो असावाच लागतो. २५० मिलिमीटरचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा त्याचा दात ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने धावत असतो. पाऊण-एक किलोच्या त्या चकतीत साठलेली गतिज ऊर्जा, ५ किलोचा धोंडा दोन मजल्यांच्या उंचीवरून पडल्यावर जितकी असेल, साधारण तितकी. वीज बंद केली तरी ती ऊर्जा पात्यातच असते. म्हणून पाते पूर्ण थांबेपर्यंत हात जवळ नेत नाहीत.

हल्ली फरशी कापायच्या हातयंत्रावर चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचे, लाकडाचे पाते चढवण्याची प्रथा सर्वत्र पसरली आहे. ही यंत्रे मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेतात. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्हांला माहीत असेल. १३,००० फेऱ्यांना दाताचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे दहा हजार पट होते. अर्ध्या ग्रॅमचा कार्बाइडचा तुकडा आपल्या जोडाला ५ किलो वजनाच्या ओढीने ताणत असतो. तो जोड कच्चा असेल, तर तुकडा गोळीसारखा सुटतो. दुकानात पाते उजेडात धरून प्रत्येक दाताचा जोड पाहावा, तो याचसाठी. डाख सगळीकडे सारखा भरलेला हवा, भोक किंवा चीर नको. पात्याचे मधले छिद्र यंत्राच्या दांड्यावर घट्ट बसले पाहिजे, कागद गुंडाळून सैल छिद्र भरू नये. आणि कामाला अडचण होते म्हणून पात्यावरचे झाकण काढून टाकणे, हे तर बोटांशी जुगार खेळणे आहे.

आणखी एक धोका लाकडाच्या स्वभावातून येतो. उभे चिरताना आतला ताण सुटून दोन्ही भाग एकमेकांकडे वळतात आणि फिरते पाते फटीत चिमटले जाते. मग पात्याची मागची बाजू लाकूड उचलून सुताराच्या अंगावर फेकते. हाताने करवत ओढणारे जुने कारागीर कापात लाकडी पाचर ठोकत. यंत्रात पात्याच्या मागे पोलादी पाचर बसवलेली असते, ती जागेवर आहे ना हे पाहावे.

राहिली पात्याची जाडी. जितका काप रुंद, तितके लाकूड भुशात जाते. ३०० मिलिमीटर जाडीच्या ओंडक्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत. काप ६ मिलिमीटर रुंद असेल तर ९ फळ्या निघतात. ३ मिलिमीटरला १० आणि २ मिलिमीटरला ११ निघतात. पडताळा स्वतः करून पाहा. फळ्यांपेक्षा काप एकाने कमी असतात हे विसरू नका. सागाचे झाड इमारती लाकडाच्या जाडीला यायला कित्येक दशके लागतात, त्यातल्या दोन फळ्या नुसत्या पात्याच्या जाडीवर ठरतात. लाकूडगिरण्यांनी ओंडक्यांसाठी गोल पाते सोडून पट्ट्याची करवत घेतली, त्यामागचे एक कारण हे आहे. पट्टा दोन चाकांवर ताणलेला असल्याने तो पातळ असला तरी चालतो.

पातळ पात्याला शक्तीही कमी लागते, आणि विजेच्या तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या गावांत याला किंमत आहे. साध्या प्रवर्तन मोटरीचा कमाल पीळ विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर तो सुमारे ६१ टक्क्यांवर येतो. अशा वेळी ३.२ मिलिमीटरच्या कापाऐवजी २.२ मिलिमीटरचा घेतला, तर भुसा करायचे लाकूडच जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. मात्र पातळ चकती लवकर तापते आणि लवकर लहरते, तेव्हा फळी सावकाश सरकवावी लागते.

शिक्षकांना सुचवण्याजोगा एक प्रयोग आहे, त्यात चालू यंत्राजवळ कोणी जायचे नाही. शाळेतल्या एखाद्या जुन्या बाकाची रंधा न मारलेली खालची बाजू पाहा. तीवर सरळ समांतर रेघा असतील तर फळी पट्ट्याच्या करवतीची. रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर ती गोल पात्याने चिरलेली. कमानीच्या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून जीवेची लांबी मोजा आणि मध्यभागी कमान दोऱ्यापासून किती दूर आहे तेही मोजा. जीवेच्या वर्गाला त्या उंचीच्या आठपटीने भागा आणि उंचीचा निम्मा त्यात मिळवा, म्हणजे त्रिज्या मिळते. जीवा २०० मिलिमीटर आणि उंची १५ मिलिमीटर भरली, तर त्रिज्या सुमारे ३४१ मिलिमीटर येते. म्हणजे तुमचा बाक ज्या पात्याने कापला, ते सव्वादोन फूट व्यासाचे होते.